एकशे सतरा नंबरचं घरटं

चोमाच्या पूर्वेला तंबाखूची शेतं संपली
की कमरेइतकं गवत. गवतात वटवट्याचं घरटं,
मुठीएवढं, हिरवी पानं टाचून उभं केलेलं.
सापडलं की वीस क्वाचा.
हाकालिमा म्हणतो, लहानपणी आम्ही हेच शोधायचो
गलोल घेऊन, फुकट.

आत तीन अंडी, किंवा चार.
वारुळाजवळची निळी, रस्त्याकडेची विटकरी,
ओढ्यापलीकडची पांढरी, आणि सगळ्यांवर
तपकिरी गिरबिट,
पेन उठतंय का बघावं तशी.
वर्गात मी सांगते, ही सही.
मादीगणिक वेगळी, आणि जन्मभर तीच.
कारण आयतोबा फिंचची मादी येते
घरची बाहेर गेलेली बघून,
एक अंडं उचलते, आपलं ठेवते.
तिलाही सही येते, पण एकच.
कुणाची जुळेल, नेम नाही.
मागच्या बाकावरून आवाज:
"मॅडम, बँकेत जुळली नाही तर?"
वर्ग हसतो. प्रश्न वाईट नव्हता.

हाकालिमाची तर दर महिन्याला वेगळी.
कॅशियर स्लिप परत सरकवते,
तो म्हणतो, माणूस तोच आहे बाई, हात म्हातारा झाला.

अंडी मीही बदलते. चमच्याने.
हिची तिच्याकडे, मग वारुळावर बसून घड्याळ लावते.
ती येते. चोचीने फिरवते. थांबते.
मी रकान्यात लिहिते: तपासणी, नऊ सेकंद.
खरं तर ते आईसारखं आहे,
बाजारात नोट उजेडात धरायची ती, तसं.
कधी दुसऱ्या दिवशी परकं अंडं गवतात पडलेलं असतं.
कधी पडलेलं तिचंच असतं.
अशा माझ्याकडे अकरा नोंदी आहेत.
समीक्षकाने विचारलंय, वगळता येतील का.

काल लाईट गेली होती.
सोलरच्या दिव्यात फोटो लावत बसले,
आणि एक्केचाळीसशेजारी एकशे सतरा आला.
तीच आकडी, आकडीखाली तोच ठिपका,
डावीकडे तीच तुटकी रेघ. चारही अंड्यांवर.
एक्केचाळीस हाकालिमाचं, सोमवारी.
एकशे सतरा मुचिंदूने दाखवलं, गुरुवारी,
पलीकडच्या बाजूने नेऊन, निळी फीत सोडून लाल बांधून.

आधी आनंदच झाला, खोटं कशाला बोलू.
डोळा तयार झाला म्हणायचा.
मग वही उघडली.
मुचिंदूची घरटी त्रेसष्ट.
सतरा वर्षांचं पोर, पावसाळाभर पहाटे पाचला गवतात,
पायात मामाचे गमबूट, दोन नंबर मोठे.
त्रेसष्टमधलं एक. की नऊ. की एकच.
सगळी काढून टाकली तर प्रबंधाचं तिसरं प्रकरण लंगडं होतं.
हे मी आधी लिहिलं, आणि
पोराचं काय होतं ते नंतर. क्रम तसाच ठेवतेय.

सकाळी तो दारात.
"चौथं वारूळ, मॅडम. अंडी ऊन आहेत अजून."
मी बघत राहिले, तो गमबुटांकडे बघत राहिला.
नऊ सेकंद असावेत. मोजले नाहीत.

गेलो. घरटं होतं.
चार अंडी, तीन एका हातची,
चौथं जरा घाईत काढल्यासारखं, रंग मात्र बरोब्बर.
"हे तिचं नाही," तो माझ्याआधी म्हणाला.
कसं कळलं, विचारलं.
"ओढूनताणून केलंय. दिसतं."

वीस क्वाचा मोजले. रजिस्टर पुढे केलं.
त्याने नाव लिहिलं, सावकाश,
एमला नेहमीची लांब शेपटी.
ती मी जरुरीपेक्षा जास्त वेळ पाहिली.

एकशे सतरावर अजून काट मारलेली नाही.
कोपऱ्यात पेन्सिलचं टिंब आहे,
खोडरबराने जाईल एवढं.